पोर्ट-चॅनल अप आहे, मग स्टोरेज का अडकतंय?

स्विचवर पोर्ट-चॅनल (अनेक लिंका जोडून केलेली एक लिंक, म्हणजेच बंडल) अप दिसतो, सगळे मेंबर पोर्ट हिरवे असतात, आणि तरीही एखाद्या होस्टवरचं डेटास्टोअर अधूनमधून अडकतं. मग सगळे स्टोरेज ॲरेच्या (डिस्कांच्या सामायिक यंत्राच्या) मागे लागतात, कारण नेटवर्ककडून ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ असं उत्तर आलेलं असतं. ते उत्तर अपुरं आहे. पोर्ट-चॅनलची स्थिती म्हणजे मेंबर पोर्टांची बेरीज, आणि बेरजेत एकाचं दुखणं दिसत नाही. म्हणून स्टोरेज नेटवर्कमध्ये लिंक ॲग्रिगेशन तपासताना बंडलवर थांबायचं नाही. प्रत्येक मेंबर वेगळा बघायचा, आणि तोही दोन्ही टोकांनी.

बंडल जुळतच नसेल तर

हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार, कारण इथे बिघाड निदान समोर दिसतो. एलएसीपीमध्ये (दोन्ही टोकांनी बोलून बंडल जुळवायचा प्रोटोकॉल) दोन्ही बाजू पॅसिव्ह असतील तर कुणीच बोलायला सुरुवात करत नाही आणि बंडल बनत नाही. एक ॲक्टिव्ह, एक पॅसिव्ह चालतं. दोन्ही ॲक्टिव्ह ठेवणं उत्तम. एका बाजूला स्टॅटिक म्हणजे ‘मोड ऑन’ आणि दुसऱ्या बाजूला एलएसीपी ही जोडी मात्र घातक. स्टॅटिक बाजू सगळ्या लिंकांवर बेधडक फ्रेम पाठवत राहते, एलएसीपीची बाजू त्या लिंकांना बंडलमध्ये घेत नाही, आणि ट्रॅफिक अर्धवट गायब होतो.

सिस्कोच्या स्विचवर ‘शो इथरचॅनल समरी’ किंवा नेक्ससवर ‘शो पोर्ट-चॅनल समरी’ दिल्यावर प्रत्येक पोर्टापुढे एक अक्षर येतं. ‘पी’ म्हणजे बंडलमध्ये सामील, ‘आय’ म्हणजे पोर्ट एकटाच चालतोय, लहान ‘एस’ म्हणजे सस्पेंडेड, ‘डी’ म्हणजे डाउन. यातला ‘आय’ फसवा असतो. पोर्ट अप असतो, ट्रॅफिकही वाहतो, पण तो बंडलच्या बाहेर असतो. समोरचं यंत्र त्याला बंडलचा भाग समजत असेल तर एकच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसू लागतो आणि लॉगमध्ये मॅक फ्लॅपिंगच्या ओळी येतात. नेक्ससवर एलएसीपीची फ्रेम न मिळालेला पोर्ट मुळात सस्पेंड होतो. ते सुरक्षित आहे, पण नेटवर्कवरून बूट होणारा सर्व्हर तिथे अडतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम येईपर्यंत त्याच्याकडून एलएसीपी बोलणारं कुणीच नसतं. अशा पोर्टांवरच, आणि फक्त तिथेच, ‘नो एलएसीपी सस्पेंड-इंडिव्हिज्युअल’ द्यावं.

लिनक्स होस्टवर किंवा लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या स्टोरेजवर) ‘/प्रॉक/नेट/बाँडिंग/बाँड०’ ही फाइल वाचायची. रूट म्हणून वाचा, नाहीतर नव्या कर्नलवर एलएसीपीचा तपशील येत नाही. त्यात आधी पार्टनर मॅक ॲड्रेस बघा. तो सगळा शून्य असेल तर समोरून एकही एलएसीपी फ्रेम आलेली नाही. मग प्रत्येक मेंबरचा ॲग्रिगेटर आयडी (तो कुठल्या बंडलमध्ये आहे ते सांगणारा आकडा) ताडून बघा. तो सगळ्यांचा एकच हवा. दोघांचा एक आणि दोघांचा दुसरा असेल तर चार लिंकांपैकी दोनच कामाला आहेत. बाकीच्या दोन अप दिसतील, पण डेटा नेणार नाहीत. कारणं ठरलेली असतात: केबल भलत्याच पोर्ट-चॅनलच्या पोर्टात गेलेली, एका लिंकचा वेग वेगळा, किंवा दोन केबल अशा दोन स्विचांत गेलेल्या ज्यांच्यात एमलॅग (दोन स्विचांवर मिळून एक बंडल) नाही.

त्याच फाइलमध्ये ‘पोर्ट स्टेट’ म्हणून एक आकडा असतो, आणि तो सहसा कुणी वाचत नाही. वाचायला हवा. तो आठ बिटांची बेरीज आहे: ॲक्टिव्ह १, शॉर्ट टाइमआउट २, ॲग्रिगेशन ४, सिंक ८, कलेक्टिंग १६, डिस्ट्रिब्युटिंग ३२, डिफॉल्टेड ६४, एक्स्पायर्ड १२८. ६१ किंवा ६३ दिसला तर लिंक निरोगी आहे. दोन्हींतला फरक फक्त टाइमआउटच्या बिटाचा. आपल्या बाजूच्या आकड्यात ६४ मिसळलेला असेल, उदाहरणार्थ ७७ किंवा ६९, तर आपलं यंत्र समोरच्याबद्दल गृहीत माहितीवर चाललंय, खरी माहिती आलेलीच नाही. १२८ मिसळला असेल तर आधी येत असलेल्या फ्रेम थांबल्या आहेत. म्हणजे ‘कधी जुळलंच नाही’ आणि ‘जुळून तुटलं’ यातला फरक या एका आकड्यावरून कळतो, आणि पुढचा तपास त्यावरच ठरतो.

तरीही शंका राहिली तर टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) लावा, पण बाँडवर नको, खालच्या प्रत्यक्ष इंटरफेसवर. इथरटाइप हेक्समध्ये ८८०९, डेस्टिनेशन मॅक ०१:८०:सी२:००:००:०२. हा पत्ता राखीव आहे. नियमाने वागणारा स्विच अशी फ्रेम पुढे पाठवत नाही. त्यामुळे दोन यंत्रांच्या मध्ये एखादा साधा स्विच बसला असेल तर एलएसीपी त्यातून पलीकडे पोचत नाही, केबल कितीही चांगली असली तरी.

३० सेकंद की १ सेकंद

स्लो रेटमध्ये एलएसीपीची फ्रेम दर ३० सेकंदांनी येते आणि ९० सेकंद काही आलं नाही तर लिंक मेली असं धरलं जातं. फास्ट रेटमध्ये दर १ सेकंदाला फ्रेम आणि ३ सेकंदांत निर्णय. केबल उपटली तर दोन्हींत फरक पडत नाही, कारण लिंक डाउन झाल्याचं लगेच कळतं. फरक पडतो तो मुक्या बिघाडात: मध्ये मीडिया कन्व्हर्टर आहे, किंवा लिंक अप असूनही समोरच्या कार्डाने फ्रेम घेणं बंद केलंय. तेव्हा स्लो रेटवर दीड मिनिट त्या लिंकवरचा सगळा आयओ (वाचन-लिखाण) खड्ड्यात जातो. लिनक्समध्ये स्कझी डिस्कच्या कमांडचा नेहमीचा टाइमआउट ३० सेकंदांचा आहे. म्हणजे बंडलला जाग येण्याआधीच वरच्या थरात कमांड ॲबॉर्ट होऊ लागतात, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

म्हणून स्टोरेजच्या लिंकवर मी फास्ट रेटच्या बाजूने आहे. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. स्विचचं सॉफ्टवेअर चालू स्थितीत अपग्रेड होत असताना त्याचा कंट्रोल प्लेन (एलएसीपीसारखे प्रोटोकॉल चालवणारा भाग) काही सेकंद गप्प बसतो, आणि ३ सेकंदांच्या टाइमआउटवर बंडल त्या काळात पडू शकतं. अपग्रेडपूर्वी त्या स्विचचं मॅन्युअल याबाबत काय सांगतं ते वाचा. शिवाय हा रेट म्हणजे ‘तू मला किती वेळाने फ्रेम पाठव’ अशी समोरच्याला केलेली मागणी असते. एका बाजूला फास्ट आणि दुसऱ्या बाजूला स्लो ठेवलं तरी बंडल बनतं, पण बिघाड एका टोकाला ३ सेकंदांत आणि दुसऱ्याला ९० सेकंदांत कळतो. दोन्हीकडे सारखा ठेवा.

चार लिंक लावल्या, वेग मात्र एकीचाच

याला बिघाड म्हणता येणार नाही. ॲग्रिगेशन चालतंच तसं. एका संवादाच्या फ्रेम ओळीने पोचाव्यात म्हणून तो संवाद एकाच लिंकवर बांधलेला असतो. कुठला संवाद कुठल्या लिंकवर जाणार हे हॅश (पत्त्यांवरून काढलेला आकडा) ठरवतो. १० गिगाबिटच्या चार लिंका जोडल्या तरी एका टीसीपी जोडणीला १० गिगाबिटच मिळतात. आणि हॅश दोन्ही टोकांचा स्वतंत्र असतो: ॲरेकडे जाणारा ट्रॅफिक स्विच वाटतो, ॲरेकडून येणारा ॲरे वाटतो. वाचन एका लिंकवर गोळा होतंय आणि लिखाण नीट पसरतंय असं दिसलं तर आधी ॲरेच्या बाजूचं सेटिंग बघायचं.

फक्त मॅक ॲड्रेसवरचा हॅश स्टोरेजसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. होस्ट आणि ॲरे वेगवेगळ्या सबनेटमध्ये असतील तर प्रत्येक फ्रेमवर गेटवेचाच मॅक असतो आणि ॲरेचा सगळा परतीचा ट्रॅफिक एकाच लिंकवर चढतो. आयपीवरचा हॅश बरा, पण त्यालाही पत्ते नीट निवडून द्यावे लागतात. साध्या एक्सऑर (दोन आकड्यांतले वेगळे बिट शोधणाऱ्या) हॅशमध्ये, दोन लिंका असताना, होस्टच्या पत्त्याचा शेवटचा आकडा ११ आणि ॲरेचे दोन पत्ते २० आणि २२ असतील तर ११ एक्सऑर २० म्हणजे ३१, आणि ११ एक्सऑर २२ म्हणजे २९. दोन्ही विषम, दोन्ही एकाच लिंकवर. दुसरा पत्ता २१ केला की उत्तर ३० येतं आणि तो दुसऱ्या लिंकवर जातो. नॅसला दोन पत्ते दिले आणि तरी उपयोग झाला नाही, यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

लिनक्सवर ‘लेयर३+४’ पॉलिसी ठेवली की पोर्ट नंबरही हॅशमध्ये येतात. पण एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली वापरायचा प्रोटोकॉल) एक माउंट म्हणजे एरवी एकच टीसीपी जोडणी, त्यामुळे एकट्या माउंटला त्याचा काही फायदा नाही. कर्नल ५.३ पासून ‘एनकनेक्ट’ हा माउंटचा पर्याय आहे, त्याने १६ पर्यंत जोडण्या उघडता येतात. मग हॅशला वाटायला काहीतरी मिळतं. ‘बॅलन्स-आरआर’ वापरून फ्रेम आळीपाळीने सगळ्या लिंकांवर टाकायचा मोह टाळा. फ्रेम उलटसुलट क्रमाने पोचतात, टीसीपी त्याला हरवलेलं पॅकेट समजून पुन्हा पाठवतो, आणि आकड्यात वेग वाढूनही काम मंदावतं.

लिंकांची संख्याही महत्त्वाची. ज्या स्विचांचा हॅश ८ बादल्यांतच वाटणी करतो, त्यांवर ३ लिंकांची वाटणी ३:३:२ अशी होते आणि ५ लिंकांची २:२:२:१:१. अशा ठिकाणी २, ४ किंवा ८ लिंकाच ठेवाव्यात. आणि अंदाज करत बसण्यापेक्षा स्विचलाच विचारा: कॅटॅलिस्टवर ‘टेस्ट इथरचॅनल लोड-बॅलन्स’, नेक्ससवर ‘शो पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स फॉरवर्डिंग-पाथ’. सोर्स आणि डेस्टिनेशन दिलं की कुठला मेंबर निवडला जाईल ते उत्तर येतं.

एकच मेंबर आजारी

सगळ्यात जास्त वेळ हाच प्रकार खातो. चार मेंबरांपैकी एकीची केबल किंवा ट्रान्सीव्हर खराब आहे, पण लिंक पडण्याइतका नाही. अशा वेळी ढोबळमानाने चारातला एक संवाद मार खातो. वरून दिसतं ते असं: एक होस्ट एका ॲरेशी मंद, त्याच ॲरेशी दुसरा होस्ट उत्तम, आणि तोच मंद होस्ट दुसऱ्या ॲरेशी व्यवस्थित. होस्ट रीस्टार्ट केला किंवा शेअर पुन्हा माउंट केला की त्रास जातो, काही दिवसांनी परत येतो. हे ऐकलं की लगेच हॅश आठवला पाहिजे. रीस्टार्टनंतर सोर्स पोर्ट बदलला, संवाद दुसऱ्या लिंकवर गेला, म्हणून बरं वाटलं.

तपासाला पिंग लावतात तिथेच चूक होते. पिंगमध्ये टीसीपीचे पोर्ट नसतात. त्या दोन पत्त्यांमधले सगळे पिंग एकाच मेंबरवरून जातात, आणि हजार पिंग यशस्वी झाले तरी बाकीच्या तीन लिंकांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जंबो (नेहमीपेक्षा मोठ्या) फ्रेमच्या तपासणीचंही तेच. ९००० एमटीयूसाठी (पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ ही बरोबर कमांड आहे (आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा जातात), पण एका मेंबरच्या मार्गात एमटीयू चुकला असेल तर ती चूक यातून सुटू शकते. एमटीयूच्या चुकीचं लक्षण ओळखीचं आहे: लॉगिन होतं, फाइलींची यादी दिसते, लहान वाचन चालतं, आणि मोठं लिखाण सुरू झालं की सगळं गोठतं. होस्ट आणि ॲरेवर ९०००, स्विचवर ९२१६ ही प्रचलित मांडणी आहे.

मग करायचं काय? प्रत्येक मेंबर पोर्टाचे काउंटर शून्यावर आणा, १० मिनिटं नेहमीचा भार वाहू द्या, आणि पुन्हा वाचा: सीआरसी (बिघडलेल्या फ्रेमची मोजणी), इनपुट एरर, आउटपुट ड्रॉप, पॉझ फ्रेम. लिनक्सवर ‘एथटूल -एस’ हेच दाखवतं. चांगल्या लिंकवर सीआरसी शून्य असतो, आणि भावंडांपैकी एकीवरच तो वाढताना दिसला की शोध संपत आला. पण एक अट आहे. स्विच कट-थ्रू पद्धतीचा (पूर्ण फ्रेम येण्याआधीच पुढे पाठवणारा) असेल तर तो खराब फ्रेम अडवत नाही, पुढे ढकलतो. त्यामुळे ज्या पोर्टावर सीआरसी दिसतोय तो निर्दोष असू शकतो. ट्रॅफिक ज्या दिशेने आला तिकडे एकेक पोर्ट मागे जा. ज्या लिंकच्या पाठवणाऱ्या स्विचवर कुठल्याच आवक पोर्टात सीआरसी नाही आणि घेणाऱ्या टोकाला आहे, ती लिंक खराब.

ऑप्टिकल लिंकवर ‘एथटूल -एम’ने किंवा स्विचवरच्या ट्रान्सीव्हर डिटेलने येणाऱ्या प्रकाशाची पातळी बघा. १० गिगाबिट एसआरला (कमी अंतराच्या ट्रान्सीव्हरला) मानकाप्रमाणे किमान उणे ९.९ डीबीएम लागते, एलआरला (लांब अंतराच्या) उणे १४.४. मर्यादेच्या आत असूनही एक मेंबर भावंडांपेक्षा ३ डीबीने खाली असेल तर तिथे निम्माच प्रकाश पोचतोय, आणि बहुतेकदा कारण कनेक्टरवरची धूळ असते. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी दोन्ही टोकं साफ करा, मग केबल बदला, मग ट्रान्सीव्हर, शेवटी पोर्ट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर काउंटर पुन्हा शून्य. २५ गिगाबिटला यात आणखी एक गोष्ट येते ती एफईसीची (चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या कोडिंगची). दोन टोकांना वेगळा एफईसी असेल तर लिंक येतच नाही; ५ मीटरच्या तांब्याच्या डॅक केबलवर आरएस-एफईसी नसेल तर चुका वाढतात. ‘एथटूल --शो-एफईसी’ दोन्हीकडे चालवून जुळवून घ्या.

आजारी मेंबर सापडला की केबल ओढू नका. आधी उरलेल्या लिंकांवर भार मावतो का आणि ‘मिन-लिंक्स’ची (किमान इतक्या लिंका हव्यात ही) अट तुटत नाही ना हे बघा, मग पोर्ट शटडाउन करा. उरलेल्या लिंकांवर संवाद नव्याने वाटले जातात आणि क्षणभर काही पॅकेट पुन्हा जातात. तेवढं अपेक्षितच आहे.

दोन स्विचांवर पसरलेलं बंडल

एमलॅगमध्ये दोन स्विच समोरच्या यंत्राला एकच सिस्टिम आयडी दाखवतात. होस्टवर दोन्ही लिंकांचा पार्टनर मॅक सारखा दिसला पाहिजे. वेगळा दिसला तर एमलॅग बनलेलाच नाही. सिस्कोच्या व्हीपीसीमध्ये (त्यांच्या एमलॅगमध्ये) हा सिस्टिम मॅक डोमेन नंबरावरून तयार होतो, त्यामुळे एकमेकांना जोडलेल्या दोन जोड्यांना एकच डोमेन नंबर दिला तर त्यांच्यातलं बंडल जुळत नाही.

नॅसच्या बाबतीत इथे एक खास अडचण आहे. काही नॅस यंत्रं उत्तर देताना गेटवेचा मॅक एआरपीने विचारत नाहीत. विनंती ज्या मॅकवरून आली त्यालाच उत्तर पाठवतात. तो मॅक जोडीतल्या एका स्विचचा स्वतःचा असतो, आणि हॅशने उत्तर नेमकं दुसऱ्या स्विचकडे गेलं की ते पीअर लिंक (दोन स्विचांमधली लिंक) ओलांडून मग व्हीपीसीच्या पोर्टावर जाऊ पाहतं. लूप टाळायच्या नियमाने ते टाकून दिलं जातं. एकाच सबनेटमधले होस्ट ठीक, दुसऱ्या सबनेटमधल्या काहींनाच त्रास, असं चित्र दिसलं तर ‘पीअर-गेटवे’ (जोडीदाराच्या मॅकवरचा ट्रॅफिक स्वतः पुढे नेण्याची सोय) चालू आहे का ते बघा.

आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या प्रोटोकॉलसाठी) मात्र माझं मत ठाम आहे: होस्टच्या बाजूला ॲग्रिगेशन करूच नका. दोन वेगळे पोर्ट, दोन वेगळे सबनेट, शक्य तर एकमेकांशी न जोडलेले दोन स्विच, आणि वर एमपीआयओ (मल्टिपाथ). मल्टिपाथला प्रत्येक मार्ग वेगळा दिसतो, आजारी मार्ग तो स्वतः वगळू शकतो, आणि एका लनचा (ॲरेने दिलेल्या डिस्कचा) आयओ दोन्ही मार्गांवर वाटू शकतो. बंडलला यातलं काहीच जमत नाही. ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरच्या हायपरवायझरवर) तर आयस्कझी पोर्ट बाइंडिंग आणि बंडल एकत्र वापरायचंच नाही, आणि स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी येतही नाही; तिथे फक्त स्टॅटिक बंडल आणि ‘आयपी हॅश’ चालतो. एसएमबी ३ मध्ये (विंडोजचा फाइल शेअरिंग प्रोटोकॉल) मल्टिचॅनल आहे, त्यालाही बंडलची गरज पडत नाही. ॲग्रिगेशनची खरी जागा एनएफएस आणि स्विच-ते-स्विच लिंका.

फायबर चॅनलच्या (स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कच्या) स्विचांमध्ये नियम वेगळे. ब्रोकेडचं ट्रंकिंग फ्रेमच्या पातळीवर वाटणी करतं, म्हणून ते जास्त काटेकोर: पोर्ट एकाच पोर्ट ग्रुपमधले हवेत, वेग सारखा हवा, केबलींची लांबी जवळपास सारखी हवी, आणि लायसन्स हवं. ‘ट्रंकशो’मध्ये एखादी लिंक एकटी पडलेली दिसली तर पहिल्यांदा पोर्ट ग्रुप तपासा. सिस्कोच्या एमडीएसवर पोर्ट-चॅनलची वाटणी एक्स्चेंजप्रमाणे (एका आयओच्या देवाणघेवाणीप्रमाणे) होते. तिथे दोन्ही टोकांचा मोड आणि परवानगी दिलेल्या व्हीसॅनची (आभासी स्टोरेज नेटवर्कांची) यादी जुळवून बघा.

दुरुस्ती झाल्यावर मेंटेनन्सच्या वेळेत एक चाचणी करावीच. फियो किंवा तत्सम साधनाने वाचन-लिखाण चालू ठेवा, एक सोडून सगळे मेंबर शट करा, ८९७२ बाइटचा पिंग आणि मोठं लिखाण त्या एकट्या लिंकवरून जाऊ द्या, लेटन्सी आणि सीआरसी टिपून ठेवा, आणि मग पुढच्या मेंबरकडे जा. चार मेंबर असतील तर चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर होस्टवरचा पोर्ट स्टेट पुन्हा ६१ किंवा ६३ वर आला आहे हे बघूनच पुढचा पोर्ट बंद करायचा.